अर्धी चारी

लष्कराच्या भाकरी भाजायची हौस एका घरात एकालाच असावी. आमच्याकडे ती दोघांना आहे, आणि ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

दोघे म्हणजे आमचे हे आणि माझे थोरले दीर. हे गवंडी. भावजींचा जन्म खणण्यात गेला. पाइपांच्या चाऱ्या, घरांचे पाये, विहिरी, जे म्हणाल ते. दोघांची घरं शेजारी शेजारी, मधली भिंत एकच. सासऱ्यांच्या मागे वाटण्या झाल्या त्या सुरळीत झाल्या, फक्त एक शिडी राहिली. ती कुणाची यावरून जो शब्द गेला तो गेलाच. शिडी भिंतीला टेकून कुजली, तिच्या पायऱ्या गळून पडल्या, पण दोघांचा पीळ काही सुटला नाही. एकमेकांना काही सांगायचं झालं तर मधे मी, नाहीतर जाऊबाई.

"तुझ्या भावजींना सांग, नळ उघडा राहिलाय."

"तुझ्या नवऱ्याला सांग, मला दिसतोय."

दोघे समोरासमोर उभे असतात बरं का. मधे मी, या कानातलं त्या कानात घालत. सुरुवातीला मला रडू यायचं. मग हसू यायला लागलं. आता नुसतं डोकं दुखतं.

घरांच्या मागून एक पायवाट डोंगरावर चढते ती थेट खिंडीपर्यंत. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं पाठीला पिशव्या लावून, हातात काठ्या घेऊन तिच्यावरून चालतात. त्यांना कुठं पोचायचं नसतं. वर जातात, घाम पुसतात, खाली येतात. त्यांची एक संस्था आहे. संस्थेच्या बाई गळ्यात शिट्टी घालून फिरतात, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीबाई म्हणतो. बाई सरळ आहेत, मनाच्या चांगल्या आहेत. पण त्या दिवशी त्या आल्या नसत्या तर बरं झालं असतं.

"वाटेचा प्रत्येक टप्पा कुणीतरी सांभाळायला घ्यावा अशी आमची इच्छा आहे," त्या म्हणाल्या. "पैसे नाही देऊ शकत. पण मनापासून करणारं माणूस हवं."

पैसे नाहीत म्हटल्यावर शहाण्या माणसाने पाणी विचारावं आणि निरोप द्यावा. आमच्या ह्यांनी छाती पुढे काढली. "घर ते खिंड माझं." बाई खूश होऊन पलीकडच्या दारात गेल्या, तिथं भावजी म्हणाले, "घर ते खिंड मी बघतो." बाईंना वाटलं, वा, एकाच टप्प्याला दोन-दोन माणसं! त्यांना काय ठाऊक.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, आपलं न्हाणीघर पडायला झालंय. त्याच्या भिंतीला हात लावायला तुम्हाला वेळ नाही. आणि लोकांच्या वाटा बांधायला निघालात?"

"न्हाणीघर कोण बघतं?" हे म्हणाले. "वाटेवरून दुनिया जाते."

आता आमचं, म्हणजे माझं आणि जाऊबाईंचं काय चाललं होतं ते सांगते. वाटेचं शेवटचं वळण घरामागे येतं, त्याच्या खाली सपाट जमिनीची एक पट्टी आहे. आमच्या दोन्ही घरांच्या जमिनीत तेवढीच सपाट, आणि पाण्याची टाकी जवळ. तिथं आम्ही दोघींनी रोपांचे वाफे केले होते. मिरची आणि कोबी. दोन्ही घरांच्या शेतांना पुरतील इतकी रोपं. गेल्या वर्षी रोपं विकत आणली होती, ती निम्मी मेली आणि उरलेल्यांना फळ धरलं नाही. मग काय, दोघी खिंड ओलांडून फळं निवडायच्या शेडमध्ये कामाला.

त्या शेडबद्दल मी फार बोलत नाही. दिवसभर उभं राहायचं. जाऊबाईंच्या पायाच्या शिरा फुगतात, संध्याकाळी त्यांचे पाय चपलेत मावत नव्हते. बसायला मागितलं तर मुकादम म्हणायचा, "घरी बसा ना, कोण नको म्हणतंय?" आणि निघताना फाटकावर डबा उघडून दाखवावा लागायचा. रिकामा, खरकटा डबा. एक पोरगेलासा रखवालदार त्यात बोट घालून बघायचा, आम्ही फळ पळवलंय का. जाऊबाई वयाने त्याच्या आईएवढ्या. पहिल्या दिवशी परतताना खिंडीत आल्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी रोपं आपली आपण करायची. मी परत इथं पाय ठेवणार नाही."

म्हणून ते वाफे. बी आम्ही जपून ठेवलेलं. माती चाळली, शेणखत मिसळलं, वरून वाळलेलं गवत पसरलं. उगवल्यावर गवत हळूहळू काढलं, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घातलं. कंबर मोडायची, पण रोपं अशी आली होती की येणारा-जाणारा थांबून बघायचा. मिरची चार पानांवर आली होती. अजून थोडे दिवस, की लावणीला तयार.

आणि वर ह्या दोघांची वाट सुरू झाली.

पहिला प्रश्न वाटणीचा. दुसरी कुठली माणसं असती तर खालचा अर्धा टप्पा एकाने घेतला असता, वरचा अर्धा दुसऱ्याने. पण आमच्या घरात वाटणी उभी करतात. सासऱ्यांनी जमिनीची तशीच केली, म्हणजे एकाला सगळी चांगली माती आणि दुसऱ्याला सगळे दगड असं होत नाही. तर ह्या दोघांनी वाटेचीही उभी वाटणी केली. पुरती दोन माणसं शेजारी चालणार नाहीत अशी वाट! तिची डोंगराकडची बाजू भावजींची, दरीकडची आमच्या ह्यांची. घरापासून खिंडीपर्यंत. न बोलता केली हो. भावजींनी फावड्याच्या दांड्याने मधे रेघ ओढली, ह्यांनी मान हलवली.

जाऊबाई म्हणाल्या, "मी ह्यांना विचारलं, माणसाने चालताना एक पाय तुमच्याकडे आणि एक पाय धाकट्याकडे टाकायचा का? तर माझ्यावरच डोळे वटारले."

भावजींना खणणं येतं, म्हणून त्यांनी डोंगराच्या कडेने चारी खणली. अगदी दोरी लावून. डोंगरावरचं पाणी वाटेवर न येता चारीत यावं. चांगली गोष्ट आहे. ह्यांना दगड रचणं येतं, म्हणून ह्यांनी दरीच्या बाजूने दगडांचा काठ बांधला. गुडघ्याच्या खाली येईल एवढा, पण मधे माती ठासून, बोट शिरणार नाही असा. चालणाऱ्याचा पाय घसरू नये. तीही चांगली गोष्ट. दोघेही सकाळी निघायचे, आधी एक आणि तो दिसेनासा झाला की दुसरा. दुपारी मी ह्यांचा डबा घेऊन जायची तर दोघे पाठीला पाठ लावून काम करत असायचे. एकाच्या कुदळीची माती दुसऱ्याच्या मानेवर. त्याने झटकायची, बोलायचं नाही.

एक दिवस शेवटच्या वळणावर माझं लक्ष गेलं. वळणाच्या खाली दरीकडे एक घळ आहे, नुसता खडक. आजवर डोंगरावरचं पाणी वाट ओलांडून त्या घळीत पडायचं. वाट वेडीवाकडी होती, कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, पण पाण्याचं पाण्याला कळत होतं. आता भावजींच्या चारीने सगळं पाणी गोळा होणार होतं. ते घळीकडे न्यायला त्यांनी वळणावर आडवी चारीही खणली होती. पण कुठपर्यंत? वाटेच्या मधल्या रेघेपर्यंत. तिथं कुदळीने सरळ कापून ठेवलेली. पुढे ह्यांची बाजू, आणि त्यापुढे ह्यांचा काठ, घळीच्या तोंडावर बूच मारल्यासारखा.

म्हणजे पाऊस आला की पाणी चारीतून येणार, वाटेच्या मधे तुंबणार आणि वाट धरून खाली धावणार. खाली आमचे वाफे.

मी डोक्याला हात लावला. घरी येऊन ह्यांना सांगितलं.

"मला दिसतंय," हे म्हणाले.

"दिसतंय? मग?"

"मग काय? चारी त्यांची. त्यांना पुढे न्यायची असेल तर त्यांनी विचारावं. मी लगेच चार दगड काढून देतो. मी काय नाही म्हणतोय?"

मी पलीकडे गेले. भावजी कुदळीला धार लावत होते. त्यांचं उत्तर तर मी विचारण्याआधीच तयार होतं. "काठ त्याचा आहे. त्याने आधी उघडावा. मी पुढची चारी एका दमात खणतो. परक्याच्या बांधकामाला मी हात लावत नाही."

"परक्याच्या?" जाऊबाई आतून म्हणाल्या. "सख्ख्या भावाच्या!"

"तेच ते," भावजी म्हणाले.

बघा म्हणजे. दोघेही तयार! फक्त दुसऱ्याने आधी तोंड उघडायचं. मी शेवटी खोटं बोलायचं ठरवलं. रात्री जेवताना ह्यांना म्हटलं, "भावजी विचारत होते, वळणावरचा काठ काढता का म्हणून."

ह्यांचा घास हातात राहिला. "काय म्हणाला नेमकं?"

"म्हणाले, जरा काढतोस का, म्हणावं."

"'जरा' म्हणाला?"

"हो."

"दादाने उभ्या जन्मात 'जरा' म्हटलेलं नाही," हे म्हणाले आणि जेवायला लागले. माझं खोटं तिथंच संपलं.

मग शिट्टीबाई बघायला आल्या. वाट बघून त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी शिट्टीच वाजवली. दगडांचे फोटो, चारीचे फोटो. मग वळणावर आल्या.

"ही चारी अर्धवट का सोडलीये?"

"पूर्ण आहे," भावजी म्हणाले. "माझ्या हद्दीपर्यंत."

"हद्द?"

मी त्यांना उभ्या वाटणीचं सांगितलं. त्या बिचाऱ्या दगडावर खालीच बसल्या. थोड्या वेळाने उठून म्हणाल्या, "हे पाणी घळीत गेलंच पाहिजे. नाहीतर वाटेचा ओढा होईल. दोघांनी मिळून करून टाकाल ना?"

दोघांनी मान डोलावली. एकदम, एकसारखी. भाऊच शेवटी. बाई समाधानाने गेल्या आणि दोघे दोन दिशांना. आठवडा उलटला, दगड जागचा हलला नाही.

मी जाऊबाईंना म्हटलं, "आपणच काढू या." पहार घेऊन गेलो. एक दगड हलवता हलवता घामाच्या धारा लागल्या. ह्यांनी बसवलेला दगड तो, सुखासुखी निघतोय? कसाबसा निघाला. दुसऱ्या दिवशी बघते तर परत जागेवर! वर नवी माती ठासलेली.

"कुणीतरी दगड पाडला होता," हे म्हणाले. "गुरं असतील."

"हो," मी म्हटलं. "दोन गुरं होती."

तरी ह्यांना कळलं नाही. का कळून कळलं नाही, देव जाणे.

आणि मग एका दुपारी आभाळ भरून आलं. अवेळी. लावणीला दोन-चार दिवस राहिले होते. मी वाफ्यातलं तण काढत होते, मानेवर पहिला थेंब पडला तो चांगला बोराएवढा. मी वर बघितलं आणि हातातलं तण तिथंच टाकलं.

धावत घरात गेले. हे पलंगावर पाय पसरून बसलेले. "अहो, उठा! वळणावरचा काठ फोडा, वाफे जातील!"

हे उठले. खरंच उठले, दारापर्यंत आले. पलीकडच्या दारात भावजी उभे होते, डोक्यावर पोतं घेऊन, कुदळ हातात. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. आता नाही तर कधी? पाऊस कोसळत होता. हे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "त्यांना सांग, मी येतोय, पण आधी..."

मी पुढचं ऐकलंच नाही. पहार उचलली आणि चढायला लागले. मागून जाऊबाई आल्या, फावडं घेऊन, पाय ओढत. "थांब गं, पडशील," म्हणत होत्या आणि त्याच दोनदा पडल्या.

वळणावर पोचलो तर पाणी वाटेवरून खाली निघालेलं होतं. चारीने डोंगराचं सगळं पाणी गोळा करून आणलेलं. चारी उत्तम होती हो. काठाने एक थेंब दरीत जाऊ दिला नव्हता. काठही उत्तम होता. मी दगडाच्या सांध्यात पहार घातली आणि अंगाचा भार टाकला. हलेना. जाऊबाई गुडघे टेकून हाताने माती उकरायला लागल्या. त्यांची नखं मोडली. मी तोंडाला येईल ते बोलत होते. ह्यांना, भावजींना, सासऱ्यांना, त्या शिडीला. एक दगड सुटला. मग दुसरा. मग पाण्यानेच तिसरा ढकलला, आणि सगळं पाणी आमच्या पायांमधून घळीत पडायला लागलं. पाण्याच्या जोराने मधली जमीनही आपोआप फुटली.

आम्ही तशाच खाली पळालो.

वाफे नव्हते. कडेच्या कोबीची एक रांग होती. बाकी सगळीकडे सपाट गाळ, त्यावर वाटेवरची खडी, आणि मधून मधून एखादं पान वर आलेलं. जाऊबाई गाळात बसल्या आणि एकेक रोप बोटांनी सोडवायला लागल्या. मी बादली आणली. मुळं धुवायची, ओल्या फडक्यात ठेवायची. बहुतेकांचं खोड मोडलेलं होतं. मोडलेलं आहे हे दिसत असूनही जाऊबाई ते फडक्यात ठेवत होत्या. मी काढून टाकलं नाही.

पाऊस थांबला तेव्हा वरून आवाज आला. बोलण्याचा. मी मान वर केली. वळणावर दोघे भाऊ उभे होते, फुटलेल्या काठापाशी.

"इथं फरशी टाकली तर?" हा आमच्या ह्यांचा आवाज.

"फरशी नको, घसरेल," भावजी म्हणाले. "खालून मोठा दगड बसव. मी तुला उतार काढून देतो."

"चालेल, दादा."

"आणि काठाला दर वळणावर तोंड ठेव रे. मघाशी बघितलंस ना पाण्याचा जोर?"

"बघितला ना. बापरे!"

आणि दोघे हसले. एवढी वर्षं दोन चुलींची, दोन दारांची, आम्ही बायकांनी नवस करायचे तेवढे बाकी ठेवले होते, आणि हे आता हसले. आमच्या हातात चिखल.

जाऊबाईंनी डोळे पुसले. "बोलले गं बाई एकदाचे," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. मला वाटलं नाही. मला वाटलं, हेच सकाळी बोलला असतात तर? आठवड्यापूर्वी बोलला असतात तर? मला इतका संताप आला की रडूही येईना.

फडक्यातली रोपं दोन दिवसांत माना टाकून पडली. कोबीची एक रांग उरली ती दोन्ही घरांच्या भाजीपुरती. नवं बी नव्हतं, आणि असतं तरी वेळ टळून गेली होती. सोमवारी पहाटे उठून दोघींनी डबे भरले.

उजाडताना निघालो. वळणावर दोघे भाऊ कामाला लागलेले. त्यांना हल्ली घरी करमतच नाही. भावजी माती ओढत होते, हे दगड बसवत होते, आणि दोघांचं बोलणं चालू होतं, लहानपणचं कुठलं तरी. आम्हाला बघून दोघे बाजूला झाले. ह्यांनी हात पुढे करून जाऊबाईंना चारीवरून पलीकडे घेतलं. आता ती वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पुरी होती, वर रुंद सपाट दगड.

"कशी झालीय?" ह्यांनी मला विचारलं. चेहरा असा की शाळेतल्या पोराने पाटी दाखवावी.

"चांगली झालीय," मी म्हटलं. खोटं कसं बोलू?

"दादा म्हणतोय, खिंडीपलीकडचा टप्पाही आपणच घेऊ. शेडपर्यंत. म्हणजे तुम्हाला रोज जाता-येताना त्रास नको."

भावजी लाजल्यासारखे मान खाली घालून माती सारखी करत होते. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या, मी काय बोलते म्हणून.

मी पदर खोचला आणि चढायला लागले. मागून जाऊबाई. वाट सरळ झाली होती, खडी वेचलेली, चढावर पायऱ्या, पायरी अशी की जाऊबाईंचा पायही सहज उचलला जाई. कुठं ठेच लागली असती, कुठं पाय घसरला असता, तर थांबून दोघांना चांगल्या चार शिव्या घातल्या असत्या. खिंडीपर्यंत एकदाही पाय अडखळला नाही.